जो स्वर ऐकूच येत नाही त्याचा भाव : सेकंडहँड बेस, पेडलं आणि आपली भाषा

(वैतरणा इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

विषय वाचून काहींना वाटलं असेल की आज इथे काहीतरी विकायला येणार. तसं काही नाही. मी आज एका छोट्या साहित्यप्रकाराची समीक्षा करणार आहे. साहित्यप्रकार म्हणतो, कारण तो रोज लिहिला जातो, रोज वाचला जातो आणि त्याची भाषा, त्याचे संकेत ठरलेले आहेत. सेकंडहँड बेस गिटारची किंवा इफेक्ट पेडलची जाहिरात, तिच्यासोबतची चाळीस सेकंदांची क्लिप आणि तिच्यावर रंगणारी चर्चा, हा तो प्रकार. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. मग ज्या मजकुरावर विश्वास ठेवून तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारा एखादा मुलगा दोन महिन्यांची बचत मोकळी करतो, त्या मजकुराची का होऊ नये?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ह्या जाहिरातीत जी गोष्ट विकली जाते, म्हणजे खालचा स्वर, तीच त्या क्लिपमध्ये ऐकू येत नाही. आणि ह्याचं कुणाला काही वाटतही नाही, कारण तो स्वर ऐकायची आणि सांगायची भाषा आपण बाजूला ठेवून दिलीय.

आधी शब्दच बघा. ‘बेस’. आमच्या गावाकडे ‘बेस झालं’ म्हणजे छान झालं. (हशा) दुसरा अर्थ डीजेचा. लग्नाच्या मिरवणुकीत ‘बेस वाढव’ म्हटलं की ट्रकवरच्या पेट्या छातीत धडधडायला लागतात. तिसरा अर्थ वाद्य, चार तारांचं. तिन्हींमधे ह्या तिसऱ्याची ओळख सगळ्यात कमी. चार जणांचा बँड स्टेजवर उभा राहिला तर गाणारा कळतो, ड्रमवाला कळतो, गिटारवाला कळतो, आणि चौथ्याला लोक विचारतात, ‘तू पण गिटारच का?’ त्यामुळे बेस विकत घेणारा मुलगा मुळातच एकटा असतो. त्याला विचारायला शेजारी कुणी नसतं. म्हणून तो क्लिप बघतो.

आता जाहिरात काय सांगते? कंपनी, वर्ष, रंग, बॉक्स आहे की नाही, बिल आहे की नाही. ‘फक्त घरी वापरलेला.’ ‘नव्यासारखा.’ ‘मोजकेच तास वाजवलाय.’ ह्या शेवटच्या वाक्याचं मला फार नवल वाटतं. वाद्य वाजवलेलं नाही, हा वाद्याचा गुण कधीपासून झाला? फ्रिजच्या जाहिरातीतनं उचललेलं वाक्य आहे ते. तबला विकणारा असं म्हणेल का, की ह्या डग्ग्याला हात लावलेला नाही? पण बेसच्या बाबतीत हे चालतं, कारण भाव हेडस्टॉकवरच्या नावाचा ठरतो. नव्याची डॉलरमधली किंमत, त्याला रुपयाने गुणा, त्यातनं थोडी वजा करा. ह्या गणितात वाद्य कुठेच नाही.

मग क्लिप. क्लिपमधे बहुतेक वेळा मालक पलंगावर बसलेला असतो, फोन उशीला टेकवलेला, आणि तो वरच्या पट्ट्यांवर भराभर बोटं चालवतो. अंगठ्याने थापा मारतो, ते स्लॅप म्हणतात ना, तसं. का? कारण फोनवर तेवढंच ऐकू येतं.

जरा आकडे सांगतो, घाबरू नका. चार तारांच्या बेसच्या मोकळ्या तारा म्हणजे ई, ए, डी, जी. त्यांची कंपनसंख्या सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. फोनचा स्पीकर नखाएवढा. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून फारसं काही निघत नाही. म्हणजे चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर त्या फोनमधनं बाहेर पडतच नाहीत. तरी आपल्याला बेस ऐकू आल्यासारखा वाटतो. कसा? ४१ च्या तारेबरोबर ८२, १२३, १६४, २०५ असे वरचे स्वरांशही वाजत असतात. फोन त्यातले वरचे ऐकवतो. आपला मेंदू त्यांच्यामधलं ४१-४१ चं अंतर ओळखतो आणि जो स्वर आलाच नाही तो मनाने भरून काढतो. सुंदर गोष्ट आहे ही, एरवी. पण खरेदीच्या वेळी ह्याचा अर्थ असा, की तुम्ही जो खर्ज ऐकला तो विकणाऱ्याच्या वाद्यातला नव्हता, तुमच्याच डोक्यातला होता. त्याला तुम्ही पैसे देताय.

खर्ज म्हटलं मी मुद्दाम. हा शब्द आपल्याकडे आहेच. तानपुऱ्याची शेवटची तार. काळी एक मधे गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणून तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९. म्हणजे बेसच्या ए आणि डी ह्या तारांच्या मधे कुठेतरी. ह्याच्या खाली बेसला आणखी दीड तार मोकळी आहे! आणि खर्जाबद्दल आपली भाषा बघा किती श्रीमंत आहे. खर्ज घुमतो, खर्ज पोकळ वाटतो, भरीव वाटतो, बसका वाटतो. डग्ग्याला घुमारा असतो. तानपुऱ्याची जव्हारी खुली असते नाहीतर बंद असते, आणि दोऱ्याने ती जमवावी लागते. वारल्यांची घांगळी बघा, दांडी आणि भोपळे. ती जवळ बसूनच ऐकायची. तारपा करणारा भोपळा निवडताना त्याचा आकार, लांबी, साल हे सगळं बघतो, हात फिरवून बघतो. बेसच्या चर्चेत मात्र आपण म्हणतो ‘फॅट’, ‘वॉर्म’, ‘पंची’. हे शब्द वाईट नाहीत. पण विचारा की पंची म्हणजे नक्की काय? स्वर चटकन उठतो आणि चटकन बसतो, हे म्हणायचंय का? मग ते म्हणा. वॉर्म म्हणजे वरचे स्वरांश कमी, हे म्हणायचंय का? बऱ्याचदा तार जुनी झाली की वरचे स्वरांश मरतात, आणि मेलेली तार ‘वॉर्म’ म्हणून विकली जाते. (हशा)

वैतरण्याच्या लोकांना खालचा स्वर समजावायला लागू नये खरं तर. खाडीच्या पुलावर मालगाडी चढली की आधी पायाला कळतं, मग कानाला. बेस असाच ऐकायचा असतो. अंगाने. खोलीत. वाद्याचा वरचा शिंगासारखा भाग असतो ना, त्याला दात किंवा गालाचं हाड टेकवून मोकळी तार छेडा. वीज नको, अँप्लिफायर नको. लाकूड कुठे गप्प बसतं, कुठली पट्टी दाबल्यावर स्वर मधेच मरतो, सगळं कळतं. दुकानात हे केलं तर लोक बघतील. बघू द्या.

आता पेडलांकडे वळू, कारण क्लिपची खरी नायिका तीच असते. डिस्टॉर्शनचं पेडल लावलं की फोनवर बेस एकदम मोठा, दांडगा वाटायला लागतो. साहजिक आहे. डिस्टॉर्शन काय करतं? लाटेचे शेंडे कापतं आणि त्यामुळे वरचे स्वरांश वाढतात. म्हणजे जे फोनला ऐकवता येतं नेमकं तेच वाढतं. तीच जोडणी मंडपात लावली की बेस हरवतो. गिटारसाठी बनलेली बरीच ओव्हरड्राइव्ह पेडलं मुद्दाम खालचा भाग कमी उचलतात. प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमर घ्या. ते सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी कमी वाढवत जातं, म्हणून गिटारचा चिखल होत नाही. गिटारला ते शोभतं. बेसचा तर सगळा संसारच त्याच्या खाली! म्हणून बेससाठी बनवलेल्या पेडलवर बहुतेक ‘ब्लेंड’ किंवा ‘बॅलन्स’ असा खटका असतो. मूळ स्वच्छ आवाज किती आणि कापलेला किती, हे त्याने ठरवायचं. पेडल बघताना पहिल्यांदा तो खटका आहे का बघा. माझं मत विचाराल तर बेसच्या डिस्टॉर्शन पेडलमधला तोच एक महत्त्वाचा खटका आहे, बाकीचे शोभेला.

गंमत अशी, की फझ ह्या प्रकाराचा जन्मच बेसवर झाला. अमेरिकेत नॅशव्हिलमधे मार्टी रॉबिन्स ह्या गायकाचं ‘डोंट वरी’ हे गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. १९६१ मधे ते गाजलं. त्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता. मिक्सरच्या एका चॅनलमधे बिघाड झाला आणि बेसचा आवाज फाटका, गुरगुरल्यासारखा आला. त्यांनी तो पुसला नाही, ठेवला! पुढे तसाच आवाज मुद्दाम काढणारी डबी तयार झाली, मॅस्ट्रो फझ-टोन, १९६२. ती खपेना. १९६५ मधे रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधे वाजली आणि मग दुकानात मिळेना. म्हणजे बिघाड आधी ऐकला गेला, आवडला, आणि मग वस्तू झाला. आपल्या चर्चेत क्रम उलटा असतो. आधी वस्तू येते, मग आवडायचं काय ते ठरतं. आज मुंबईत अॅनिमल फॅक्टरीसारखी मंडळी इथल्या इथे पेडलं बनवतात, चांगली बनवतात, आणि तरी चर्चेत पहिला प्रश्न असतो, ‘हे कशाची कॉपी आहे?’ आवाज कसा आहे हा प्रश्न तिसरा-चौथा.

मी मघाशी मंडप म्हणालो. हा भाग थोडा सविस्तर बोलतो, कारण जाहिराती पलंगावर बनतात आणि आपण वाजवतो मंडपात, शाळेच्या पटांगणात, समाजमंदिराच्या हॉलमधे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्याच्या अगदी शेजारी बेसवर कुठला स्वर आहे माहितीये? ई तारेची तिसरी पट्टी, जी, ४९ हर्ट्झ. म्हणजे आपल्या हॉलमधे जी घरघर येते ती किंचित चढलेली जीच आहे. गाणं जी मधे असेल तर ती घरघर तुमच्या स्वराला चिकटून डोलायला लागते, बेसूर वाटतं, आणि सगळे बेसवाल्याकडे बघतात. जाहिरातीच्या क्लिपमधे त्या घरघरीचा तळ तुम्हाला कळणारच नाही.

म्हणून वाद्याची जात माहीत हवी. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नव्हता. त्याने १९५१ मधे प्रिसिजन बेस आणला. १९५७ पासून त्याचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला, आणि ते दोन तुकडे एकमेकांची घरघर मारतात. १९६० मधे आला जॅझ बेस, दोन वेगळ्या पिकअपांचा. दोन्ही पूर्ण उघडे असतील तर घरघर साधारण मरते, एक कमी केला की परत येते. त्यांच्या स्वस्त नकला सगळीकडे मिळतात, त्यांनाही बहुतांशी हेच लागू. तेव्हा जॅझ पद्धतीचा बेस बघायला गेलात तर एक पिकअप बंद करून ऐका. विकणारा म्हणेल, सगळ्यांचाच असा आवाज येतो. खरं आहे ते. प्रश्न असा, की तुम्ही जिथे वाजवणार तिथे तो चालेल का?

आणि एक, हे गमतीचं नाही. घरघर घालवायला काही जण प्लगची तिसरी पिन, अर्थिंगची, तोडतात. करू नका. बेसच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, तुमचा हात तारांवर, ओठ माइकला. जनरेटरवरच्या मंडपात अर्थिंगचा भरवसा नसताना ही पिन तोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. घरघर परवडली.

पेडलच्या विजेचंही तसंच. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि मधला टोक ऋण. आपल्या घरात जे अडॅप्टर पडलेले असतात, वायफाय राउटरचे वगैरे, त्यांचा मधला टोक बहुधा धन असतो आणि व्होल्ट बऱ्याचदा १२. भोक तेच, खुपसलं की बसतं, आणि पेडल गेलं तर ‘पेडल खराब निघालं’ अशी तक्रार होते. विकणाऱ्याने जाहिरातीत ह्याची एक ओळ लिहायला किती जागा लागते?

मुलगा बोईसरहून निघतो. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत यायला लागली, त्यामुळे एवढं तरी सोपं झालं. नाहीतर शटल, विरार, पुन्हा गाडी. धोबी तलावला फुर्टाडोज, १८६५ पासूनची पेढी. तिथे नवे बेस भिंतीला टांगलेले बघायचे. नंतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, तिथे केबल, जॅक, अडॅप्टर. आणि मग कुठल्या तरी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, ज्याची जाहिरात बघितली त्याच्याकडे. परतीच्या गाडीची वेळ डोक्यात. पंधरा मिनिटांत ठरवायचं. अशा वेळी चर्चेत वाचलेलं काय आठवतं? ‘ह्या वर्षाचे चांगले असतात.’ एवढंच. मान वाकलीय का हे बघायला कुणी शिकवलेलं नसतं. ते सोपं आहे. जाड तार पहिल्या पट्टीवर आणि शेवटच्या पट्टीवर एकाच वेळी दाबा, मधे तार आणि पट्टी ह्यांच्यात किती फट राहते बघा. कागद सरकेल एवढी ठीक. फट फार मोठी असेल तर मान पुढे झुकलीय. तारेच्या ताणाने झुकलेली मान आतल्या लोखंडी सळईने, ट्रस रॉडने, बऱ्याचदा सरळ करता येते. पण सळई आधीच पूर्ण पिळून झालेली असेल तर पुढे काही उरत नाही. आपल्याकडे समुद्र जवळ, पावसाळ्यात भिंती घाम गाळतात. लाकूड हलणारच, पट्ट्या काळवंडणारच, खटके करकरणार. ‘नव्यासारखा’ ह्या शब्दात ह्यातलं काही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस सगळ्यांवर तोंडसुख घेतोय. तसं नाही. एका बाजारात मला उलट चित्र दिसतं, आणि तो बाजार आपल्या नाकासमोर आहे. बेंजो पार्टी. शिकलेल्या बँडवाल्यांना तिची थोडी लाज वाटते, मला माहितीये. पण बघा, बेंजो हे मुळात जपानी वाद्य, तैशोगोतो, १९१२ मधे नागोयात मोरिता गोरो ह्याने केलेलं. टंकलेखन यंत्रासारखी बटणं. ते आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं, बेंजो झालं, त्याला पिकअप लागला, आणि आज लग्नात, गणपतीत त्याच्यापुढे गिटारचं पेडल ठेवलेलं असतं, इको नाहीतर डिले. मी ज्या बेंजोवाल्यांना पेडल विकत घेताना पाहिलंय ते कंपनी नंतर विचारतात. आधी विचारतात, उघड्यावर ऐकू जाईल का? ढोल-ताशात बुडेल का? पाय चुकून दोनदा पडला तर काय होईल? ही समीक्षा आहे! ह्या प्रश्नांमागे एक जागा आहे, गर्दी आहे, रात्रीचे दहा वाजायच्या आत संपवायचं एक काम आहे. पलंगावरच्या क्लिपमागे असली जागा नसते.

एक तक्रार मात्र बेंजो पार्टीबद्दलही आहे. खालचा स्वर तिथे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेलाय, नाहीतर ऑक्टापॅडच्या धबधब्यात. नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’, १९८०, ‘कुर्बानी’तलं, बिद्दूने केलेलं, अजून वाजतं ना? त्यातली बेसची ओळ काढून टाका आणि गाऊन बघा. गाणं उभंच राहत नाही. ती ओळ बेंजो पार्टीत दोन बोटांवर उरकली जाते आणि गाणं जड होतं, चालत नाही.

आणि आपल्याच शहरातला एक माणूस सांगतो, ज्याच्यावरून भाव आणि पारख ह्यातला फरक कळतो. राहुलदेव बर्मन ह्यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ अनेकांना माहीत असतील. चरणजित सिंग कमी जणांना. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड वाजवणारा मुंबईचा वादक. नवीन यंत्र आलं की घ्यायचं, हा त्याचा नाद. सिंगापूरहून त्याने रोलँडची यंत्रं आणली. त्यात एक टीबी-३०३. हे यंत्र कशासाठी बनलं होतं? एकट्याने सराव करणाऱ्याला बेसवाल्याची सोबत मिळावी म्हणून! बेस म्हणून ते हास्यास्पद होतं, खऱ्या बेससारखं वाजत नव्हतं, १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन बंद झालं. चरणजित सिंग ह्याने १९८२ मधे त्या यंत्रावर रागांची एक तबकडी केली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. राग डिस्कोच्या ठेक्यावर, खाली ३०३ चा सरपटणारा खर्ज. फारशी कुणी विकत घेतली नाही. तिकडे शिकागोत काही पोरांनी हेच यंत्र सेकंडहँड, स्वस्तात घेतलं, आणि १९८७ मधे ‘अॅसिड ट्रॅक्स’ बाहेर आलं. एका नव्या नृत्यसंगीताला त्यावरून नाव पडलं. मग त्या नापास यंत्राचे भाव आभाळाला भिडले, आणि २०१० मधे चरणजित सिंगची तबकडी परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चाट पडले. २०१५ मधे तो गेला. जाताना जगभर थोडं नाव झालेलं होतं, हे बरं झालं.

त्याच्या तबकडीला लोक ‘काळाच्या आधी’ म्हणतात. मला हे कौतुक आळशी वाटतं. त्याने काळ बघितला नव्हता, यंत्र ऐकलं होतं. ३०३ मधे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. बेसवाल्याची नक्कल म्हणून ती सोय फसली. पण मींड ऐकून वाढलेल्या कानाला त्यात मींड दिसली. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

वेळ होत आलीय, तीन-चार प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याचा प्रश्न : सर, सगळे म्हणतात टोन बोटात असतो. मग चांगलं वाद्य कशाला?)

हे वाक्य मला नेहमी पाच बेस असलेला माणूस ऐकवतो. (हशा) बोटात बरंच असतं, मान्य. पण वाकलेल्या मानेवर बोटं सुजतात, आणि मग पोरगं सोडून देतं. कोलकात्याच्या गिव्हसनच्या गिटारींवर आपल्याकडे कितीतरी जण शिकले, तारा उंच, बोटं फाटायची. त्यांनी सोसलं म्हणून पुढच्यानेही सोसावं असं नाही.

(प्रश्न : क्लिपवरच ठरवायचं झालं, जाणं शक्यच नसलं, तर?)

विकणाऱ्याला तीन गोष्टी मागा. पेडल न लावता प्रत्येक मोकळी तार एकदा छेडून ती आपोआप विझेपर्यंतचं रेकॉर्डिंग. प्रत्येक तारेवर प्रत्येक पट्टी, सावकाश. आणि काहीच न वाजवता दहा सेकंद, आवाजाचा खटका पूर्ण उघडून. मग ते फोनवर ऐकू नका. डीजेवाला ओळखीचा असेलच कुणी, त्याच्या पेटीवर ऐका. ज्याने पाठवायचं टाळलं त्याचं उत्तर मिळालं असं समजा.

(प्रश्न : मी बोईसरचा आहे, बेस घेतलाय मागच्या महिन्यात. पहिलं पेडल कुठलं घेऊ?)

ट्यूनर. हसू नका, खरंच. त्याच्यानंतर सहा महिने काही घेऊ नको. तुमच्या बँडमधे कीबोर्ड आहे का? आहे ना. मग त्याला सांग, डावा हात खिशात ठेव.